'हू'च्या आधी माणूस

इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. एक, तुमचं स्वतःचं इंग्रजी कितपत चांगलं आहे. आणि दोन, मग तुम्ही मराठी शाळेत काय करता. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी आयुष्यभर टाळत आलो. दुसऱ्याचं सांगतो. सुरतेच्या एका मराठी शाळेत इंग्रजीचा मास्तर हवा आहे असं कळलं, तेव्हा मी वाशीमकडच्या एका खेड्यात बिनपगारी शिकवत होतो. सुरत नेमकं कुठे आहे हे अर्ज टाकल्यावर नकाशात पाहिलं. सेवानिवृत्त झालो तोही सुरतेतूनच.

शाळेतल्या नोकरीबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. मुलं आली, पास झाली, गेली. काही नापास होऊन गेली. मी लिहिणार आहे ते माझ्या रविवारच्या वर्गाबद्दल. तो शाळेच्या कुठल्याही रजिस्टरात नाही, म्हणून कुणीतरी लिहिलेला बरा.

आधी हे सांगायला हवं की मी सुरतेत एकटाच राहायचो. पत्नी सुमन आमच्याच तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ती महाराष्ट्र सरकारची, मी गुजरातेतला. एका राज्याची बदली दुसऱ्या राज्यात होत नाही हे लग्नाच्या वेळी दोन्ही घरच्यांना माहीत होतं, पण 'होईल काहीतरी' असं म्हणून अक्षता टाकल्या गेल्या. काही झालं नाही. मुलगा तिच्याजवळ वाढला. मी दिवाळीत आणि मे महिन्यात सुरत-भुसावळ गाडीने निघून, भुसावळला गाडी बदलून अकोल्याला उतरायचो आणि तिथून एसटीने घरी पोचायचो. पोचल्यावर पहिले दोन दिवस घरातले लोक माझ्याशी पाहुण्यासारखं नीट वागायचे. तिसऱ्या दिवशी सवय व्हायची आणि त्यानंतर लवकरच माझं परतीचं तिकीट असायचं.

पर्वत पाटियाजवळ भाड्याची खोली होती. बाकीचे सहा दिवस शाळेत निघून जात. रविवार मात्र जाता जात नसे. कपडे धुऊन झाले, पेपर जाहिरातींसकट वाचून झाला, तरी घड्याळात साडेनऊच. अशा रविवारांना कंटाळून मी मुख्याध्यापकांना म्हटलं, एक वर्गखोली द्या, मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतो. नव्वदीची सुरुवात होती. इंग्रजी बोलायला शिका म्हणणाऱ्या पाट्या गल्लोगल्ली लागल्या होत्या. मुख्याध्यापकांना वाटलं मला समाजकार्याची हौस आहे. मी तसं वाटू दिलं.

वर्गात वीस-बावीस जण यायचे. चौथीच्या मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचे. साडी मार्केटमधले सेल्समन, एक-दोन क्लार्क, नोकरीच्या शोधातली पोरं, आणि काही बाया. सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती. स्वतःबद्दल किंवा आपल्या माणसांबद्दल इंग्रजीत चार वाक्यं धड बोलता यावीत. म्हणून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि अभ्यासक्रम एका शब्दावर आणला. तो शब्द म्हणजे हू.

बाहेरच्यांसाठी थोडं समजावून सांगतो. मराठीत माणसाबद्दल काही सांगायचं तर आपण त्याला कामालाच जोडून टाकतो. लूम चालवणारा, वेळेवर न येणारा. नाहीतर 'जो' लावतो आणि मग त्या 'जो'ला 'तो' शोधत वाक्याच्या शेवटापर्यंत धावतो. इंग्रजीत असं नाही. तिथे आधी माणूस उभा करायचा, मग त्याच्या पाठीला हू लावायचा, आणि त्या हूच्या मागे तो काय करू शकतो, काय करील, काय करायला हवं ते सांगायचं. माझे विद्यार्थी हूच आधी आणायचे. 'हू मॅन कॅन स्विम, ही इज माय ब्रदर.' मी फळ्यावर माणसाचं चित्र काढायचो, त्याच्या पाठीवर हूची पिशवी टांगायचो आणि ओरडायचो, "आधी माणूस! हूच्या आधी माणूस!"

मग यायचे ते छोटे शब्द. कॅन, विल, मस्ट, मे, शुड. त्यांची नावं व्याकरणात फार मोठी आहेत, ती मी कधी सांगितली नाहीत. मी सांगायचो, कॅन म्हणजे जे अंगात आहे. विल म्हणजे जे तोंडाने कबूल केलंय. मस्ट म्हणजे जे डोक्यावर बसलंय. मे म्हणजे झालं तर झालं. आणि शुड म्हणजे जे शेजारचे सांगतात. एवढ्यावर माझा वर्ग सात वर्षं चालला. विद्वानांनी हसावं, पण ही शिकवण कुणी विसरल्याचं मला आठवत नाही.

गिऱ्हाइकं एकेक होती. अमळनेरकडचा रमेश नावाचा सेल्समन पहिल्याच दिवशी म्हणाला, "सर, मना शेठ म्हनस, तू मानूस चांगला शे, पन तुनं तोंड गुजरातीमाच चालस. माले एकच वाक्य द्या, पन पक्कं द्या." मी त्याला दिलं, 'आय ॲम द मॅन हू कॅन गिव्ह यू द बेस्ट रेट.' तुम्हाला चांगला भाव देऊ शकेल असा माणूस मीच. मद्रास, बंगलोर, जिथून फोन येईल तिथे त्याने ते वाक्य फेकलं. पुढे मार्केटात त्याचं नावच 'मॅन हू' पडलं. बाहेरगावचे व्यापारी काउंटरवर येऊन विचारायचे, मॅन हू कहाँ है?

दुसरे एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना मुलासाठी इंग्रजी पेपरात जाहिरात द्यायची होती. मुलगी हवी, हू कॅन कुक, हू शुड बी फेअर, हू मस्ट ॲडजस्ट. असे एकूण नऊ हू. मी म्हटलं, साहेब, एवढी पिशव्या लादलेली मुलगी तुमच्या दारापर्यंत चालत यायची कशी? ते म्हणाले, "तुम्ही फक्त व्याकरण बघा." मी बघितलं. व्याकरण चोख होतं.

मंगलबाई आल्या त्या वर्गाच्या तिसऱ्या वर्षी. नवागामला राहायच्या. गाव परभणीकडचं. नवरा दत्तू लूमवर, कापड विणण्याच्या कामाला, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. त्या स्वतः घरी बसून साड्यांना टिकल्या लावायच्या. बोटांच्या टोकांना गोंद वाळलेला असायचा आणि बोलता बोलता त्या तो सोलत राहायच्या. शिक्षण सातवी. मराठी झरझर वाचायच्या, इंग्रजी अक्षर एकही नाही. मुलगी अश्विनी चार वर्षांची. तिला एका इंग्रजी शाळेत घालायचं होतं, आणि त्या शाळेत मुलांपेक्षा आईबापांची मुलाखत जास्त व्हायची.

"सर, लेकराला समदं येतंय," त्या म्हणाल्या. "गाणं म्हणती, आकडं म्हणती. आमालाच कायबी येत न्हाई. आमच्यामुळं तिचं अडाया नगं."

मुलाखत दीड महिन्यावर होती. तेवढ्यात अक्षरं शिकवून वाक्यापर्यंत नेणं शक्य नव्हतं, म्हणून मी धंद्यातली चोरवाट धरली. वाक्यं देवनागरीत लिहून दिली आणि पाठ करून घेतली. या लेखातही मी इंग्रजी तसंच लिहिलंय, सवय जात नाही. त्यांचं मुख्य वाक्य होतं, 'आय ॲम अ मदर हू कॅन हेल्प हर चाइल्ड विथ हर स्टडीज.'

"म्हंजी काय, सर?"

"म्हणजे, मी अशी आई आहे जी मुलीचा अभ्यास घेऊ शकते."

त्या गोंद सोलायच्या थांबल्या. "पण म्या तर घेऊ शकत न्हाई."

"मुलाखतीत घेऊ शकायचं," मी म्हटलं.

दत्तूला दिलेलं वाक्य होतं, 'आय ॲम अ फादर हू विल कम टू एव्हरी मीटिंग.' प्रत्येक मीटिंगला येईन असा बाप. त्याने ते लूमच्या खडखडाटात ओरडून पाठ केलं. तिथे आपलंच आपल्याला ऐकू येत नाही, त्यामुळे लाजायचं कारण नव्हतं. मुलाखतीत प्राचार्याबाईंनी त्याला नाव विचारलं. त्याने उभं राहून खणखणीत आवाजात हे वाक्य म्हटलं. मग कुठे काम करता विचारलं, त्याने पुन्हा तेच म्हटलं. बाई हसल्या. मंगलबाईंनी मात्र आपलं वाक्य नेमक्या जागी ठेवलं. अश्विनीला प्रवेश मिळाला.

काम झालं, आता बाई यायच्या नाहीत असं मला वाटलं होतं. जूनच्या शेवटच्या रविवारी वर्ग सुटल्यावर त्या दारात उभ्या. कडेला अश्विनी आणि हातात शाळेची डायरी.

"सर, बाईंनी कायतरी लिवून दिलंय. तेवढं वाचून दावा की."

डायरीत छापील चिठ्ठी चिकटवली होती. 'पेरेंट्स हू कॅननॉट अटेंड द मीटिंग मस्ट सेंड अ नोट.' मीटिंगला येऊ न शकणाऱ्या पालकांनी चिठ्ठी पाठवलीच पाहिजे. मी वाचलं, अर्थ सांगितला, चिठ्ठी लिहूनही दिली. पुढच्या रविवारी दुसरी चिठ्ठी होती. त्याच्या पुढच्या रविवारी तिसरी. त्या शाळेच्या भाषेत मंगल नावाची कुणी बाई नव्हतीच. तिथे फक्त 'पेरेंट्स हू' होते. अमुक करू इच्छिणारे, तमुक न केलेले, उशीर झाल्यास परिणामांना तयार असणारे. मी वर्गात ज्या शब्दांशी खेळत होतो ते इथे माणसांना चांगलंच दमात घेत होते.

असा तो रविवारचा जादा तास सुरू झाला. अकरा वाजता वर्ग सुटायचा, बाकीचे जायचे आणि या दोघी थांबायच्या. मी टपरीवरून चहा मागवायचो. अश्विनीसाठी खारी. ती फळ्यावर मांजरं काढायची आणि माझा शर्ट ओढून म्हणायची, "सर, आ जुओ ने!" म्हणजे हे बघा ना. घरात मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी, आणि तिला त्याचं काहीही वाटत नसे. मंगलबाई आठवड्याचं सांगायच्या. टिकलीवाल्याने माल परत केला, दत्तूची पाळी बदलली, गावाकडून पत्र आलं. मी माझ्या घरचं सांगायचो. सुमनला मी पत्रात जेवढं लिहिलं नसेल तेवढं त्या बाकावर बसून बोललो. मंगलबाई मधेच म्हणायच्या, "लई लांब झालंय वो सर, तुमचं घर." बस, एवढंच. पण हे मला त्याआधी कुणी म्हटलं नव्हतं.

त्या वर्षी मी शनिवारीच शर्टाला इस्त्री करून ठेवायला लागलो. वाचणाऱ्यांनी भलतं काही मनात आणू नये. मला आठवड्यातून एक तास कुणाचं तरी माणूस व्हायला मिळत होतं, आणि तो तास मला गमवायचा नव्हता. माझ्या पुढच्या वागण्याचं कारण तेवढंच.

दिवाळीच्या आधी मंगलबाई म्हणाल्या, "सर, दर येळी तुमाला तरास. मलाबी अक्षरं शिकवा की. मराठी येतंय तर हेबी यील."

आलं असतं. मराठी येणाऱ्या हुशार बाईला इंग्रजी वाचायला शिकवणं हे तीन महिन्यांचं काम. हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मी म्हटलं, "शिकवतो. पुढच्या महिन्यात सुरू करू." पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "इंग्रजी स्पेलिंग फार फसवं असतं, बाई. घाई नको. मी आहे ना वाचायला." त्यांनी ते मान्य केलं. सरांनी सांगितलं म्हणजे खरंच असणार.

त्यात जानेवारीत एक प्रकार झाला. डायरीत शनिवारसाठी चिठ्ठी होती की ज्या मुलांचा वाढदिवस असेल त्यांनी रंगीत कपडे घातले तरी चालतील. मंगलबाईंनी रविवारपर्यंत थांबायचं कसं म्हणून शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराकडून वाचून घेतलं. तो म्हणाला, शनिवारी रंगीत कपडे. अश्विनी झालरीचा गुलाबी फ्रॉक घालून गेली आणि गणवेशातल्या पन्नास मुलांत एकटी उभी राहिली. रडून रडून तिला ताप आला. मी हे ऐकलं तेव्हा मला वाईट वाटलं आणि, खरं सांगतो, आत कुठेतरी बरंही वाटलं.

"यापुढे मला दाखवल्याशिवाय काहीही करायचं नाही," मी जरा जोरातच म्हणालो. "लोक अर्धवट वाचतात. डायरी माझ्याकडेच आणायची."

"व्हय सर," त्या म्हणाल्या.

मार्चमध्ये मुलाची दहावीची परीक्षा आली. सुमनचं पत्र आलं की यंदा तरी तुम्ही असावं. मी रजा टाकून गेलो. मुलाला इंग्रजीचं काही अडलं तर बघावं असं मनात होतं. घरी गेल्यावर कळलं की इंग्रजीसाठी त्याने गावातल्या एका सरांची शिकवणी लावली होती. "तुम्ही नसता ना, बाबा," तो म्हणाला. रागाने नाही, सहज. मी त्याला परीक्षेच्या केंद्रावर सोडायचो आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसायचो. सुमन घरातून पाण्याची बाटली भरून द्यायची. या मुक्कामात मंगलबाईंची मला आठवण आली नाही असं नाही. पण डायरीची नाही आली. असे दोन रविवार गेले.

परतल्यावरच्या पहिल्या रविवारी त्या आल्या. चेहऱ्यावर नेहमीचं हसू. "लई दिस लावलं सर. ही बगा, दोन चिठ्ठ्या जमल्यात."

पहिली चिठ्ठी सहलीची होती. दुसरी मी वाचायला लागलो आणि मनातल्या मनातच थांबलो. ज्या पालकांना आपलं मूल पुढच्या वर्गात याच शाळेत ठेवायचं आहे त्यांनी सोबतचा हिरवा फॉर्म बुधवारपर्यंत भरून दिलाच पाहिजे. जे देणार नाहीत त्यांच्या मुलांच्या जागा इतरांना दिल्या जातील. हिरवा फॉर्म डायरीच्या पानात तसाच घडी करून ठेवला होता. बुधवार होऊन चार दिवस झाले होते.

"काय लिवलंय, सर?"

मी सांगितलं. सांगताना त्यांच्याकडे बघवलं नाही. अश्विनी फळ्यापाशी होती.

मंगलबाईंनी हिरवा फॉर्म बोटांनी सपाट केला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "बुदवारी म्या शाळंच्या दारातच व्हते की. हिला सोडाया गेल्ते. समद्या बायांच्या हातात हिरवं कागूद. येक जण म्हनलीबी, तुमी दिला का? म्या म्हनलं, आमचं सर आल्यावर बगू." पुढे म्हणाल्या, "तुमीच म्हनला व्हता, कुनाला दावू नगा."

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन मी त्या शाळेत गेलो. धुतलेला शर्ट, खिशात पेन, हातात हिरवा फॉर्म. प्राचार्याबाईंनी बसायला सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, प्रतीक्षा यादीत बरीच मुलं होती, जागा शुक्रवारीच भरली. त्या मुलाच्या आईवडिलांना आता नाही कसं म्हणू? यात त्यांचं काही चुकलं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मी तरी अजिजी केली. फॉर्म परत परत पुढे सरकवला. तेव्हा त्यांनी चष्मा काढून विचारलं, "बट हू आर यू टू द चाइल्ड?"

मुलीचे तुम्ही कोण? इतकी वर्षं मी लोकांना हेच तर शिकवत होतो, आपण कोण ते इंग्रजीत कसं सांगायचं. मामा नव्हतो, काका नव्हतो, शाळेतला शिक्षकही नव्हतो. खोटं वाक्य एखादं सुचलं असतं, मला ती पटापट सुचतात. पण तोंडातून खरं निघालं. "मॅडम, आय ॲम द मॅन हू शुड हॅव टॉट हर मदर टू रीड."

तिच्या आईला ज्याने वाचायला शिकवायला हवं होतं, आणि शिकवलं नाही, तो मी. या तऱ्हेचं वाक्य मी माझ्या वर्गात कधीच घेतलं नव्हतं. मुलाखतीत किंवा काउंटरवर त्याचा काय उपयोग, असा विचार करून मी ते सोडून देत आलो होतो. प्राचार्याबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी फॉर्म घडी करून माझ्या हातात दिला आणि दारापर्यंत सोडायला आल्या. जागा गेली ती गेली.

मंगलबाई आता येणार नाहीत, आणि आल्या तर मला चार शब्द सुनावतील, हे मी गृहीत धरलं होतं. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण पुढच्या रविवारी अकरा वाजता त्या आल्या. अश्विनीला आणलं नव्हतं. बाकावर बसल्या, पिशवीतून कोरी वही काढली आणि म्हणाल्या, "सर, आता अक्षरं शिकवा. फुडच्या म्हयन्यात नगं. आज."

"बाई, माझं चुकलं," मी म्हणालो. "मी मुद्दाम लांबवलं."

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या आणि वही उघडली. 'म्हाईत' म्हणजे त्यांना नेमकं काय माहीत होतं ते मी विचारलं नाही. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती.

त्या दिवशी सव्वीस अक्षरांतली दहा झाली. मी त्यांना आयुष्यात कुणाला शिकवलं नसेल इतकं नीट शिकवलं. मे महिन्यात घरी गेलो नाही. सुमनला लिहिलं की वर्गाचं काम आहे. तिचं उत्तर आलं, 'बरं. आंबे पाठवू का?' उन्हाळाभर शाळा बंद, पंखे बंद, आम्ही दोघं घामाने निथळत स्पेलिंगशी झगडत होतो. चहा मागवायचो, पण तो तसाच निवून जायचा. गप्पा नव्हत्या. त्या आता आठवड्याचं काही सांगत नसत. यायच्या, वाचायच्या, चुकायच्या, पुन्हा वाचायच्या. वाटेतल्या शटरांवरच्या पाट्या वाचून यायच्या आणि न लागलेले शब्द वहीत उतरवून आणायच्या. औषधाच्या पाकिटावरचं वाचायच्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी एका जुन्या चिठ्ठीवर बोट ठेवून, अडखळत, पण कुणाच्याही मदतीशिवाय शेवटपर्यंत वाचलं. 'चिल्ड्रन हू कम लेट मे नॉट बी अलाउड इनसाइड.' मग स्वतःच म्हणाल्या, "उशिरा आल्यावर आत घेतील न घेतील." शाळेने त्यात दिलेला दमही त्यांनी बरोबर टिपला होता.

त्यानंतरच्या रविवारी त्या आल्या त्या फॉर्म घेऊन. पर्वत पाटियाच्या बाजूला एक नवी इंग्रजी शाळा निघाली होती. फाटकावरची सूचना त्यांनी स्वतः वाचली होती, फॉर्म स्वतः आणला होता, घरी बसून स्वतः भरला होता. मला फक्त दाखवायला आणला होता. मी पेन काढून तो वरपासून खालपर्यंत तपासला. मग पुन्हा एकदा तपासला. दुसऱ्यांदा मी चूक शोधत होतो. एखादं स्पेलिंग, एखादी राहिलेली सही, काहीही. म्हणजे त्यांना थांबवून सांगता आलं असतं की बसा, हे असं नाही, असं. सगळं बरोबर होतं.

"बरोबर आहे," मी म्हणालो आणि पेनला टोपण लावलं.

"मग येते, सर," त्या म्हणाल्या. दाराशी वळून वाकून नमस्कार केला. मी 'असू द्या, असू द्या' म्हणत राहिलो आणि त्या गेल्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. अश्विनीला प्रवेश मिळाल्याचं मला रमेशकडून कळलं, म्हणजे आमच्या मॅन हूकडून. शिकवलेला माणूस परत येत नाही, यात दुःख करण्यासारखं काही नाही. आमच्या धंद्यात यालाच यश म्हणतात. पुढची तीन वर्षं मी वर्ग चालवला आणि मग गुडघ्यांचं निमित्त सांगून बंद केला.

मंगलबाई मला त्यानंतर एकदाच दिसल्या, साधारण दीड वर्षाने. पर्वत पाटियाच्या नाक्यावर शटल रिक्षात बसलेल्या होत्या. रिक्षा भरायची वाट बघत होती. शेजारी त्यांच्याच वयाची एक बाई, मांडीवर शाळेची डायरी. मी चार पावलांवर होतो. बाजाराच्या गोंगाटातही मला त्यांचा आवाज ओळखू आला.

"सांग ना गं मंगल, काय लिवलंय ते," ती बाई म्हणत होती. "मला उशीर होतोय."

"म्या सांगनार न्हाई," मंगलबाई म्हणाल्या. "बोट ठिव आन् तूच वाच. ह्यो पी हाय. मंग?"

ती बाई वैतागली, हसली, आणि पुन्हा डायरीवर वाकली. मंगलबाईंनी तिचं बोट धरून अक्षराखाली नेलं. त्यांच्या स्वतःच्या बोटांवर अजून गोंद होता.

रिक्षात एकच जागा उरली होती. रिक्षावाला मला बघून ओरडला, "आवो काका, एक ज सीट बाकी छे, चालो!" मंगलबाईंनी मान वर केली नाही. मी हातानेच त्याला नको म्हटलं आणि चालत खोलीवर गेलो.